नसेल तर बनवा

२ मार्च, सकाळी

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहिणार. संकल्प तीन. एक, रोज पहाटे चालायला जाणे. दोन, ऑफिसात डोकं शांत ठेवणे. तीन, माझं काम नक्की काय आहे हे बाबांना एकदाचं पटवून देणे.

पहिला संकल्प उद्यापासून. आज लिहिता लिहिता ऊन वर आलं.

तिसऱ्याविषयी थोडं. बाबांनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. काल पाहुण्यांसमोर म्हणाले, मी शर्ट शिवला की तो हँगरला लटकलेला दिसायचा, याचं काय लटकतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, याचा कॉम्प्युटर लटकतो. सगळे हसले. बायकोही हसली. मीही हसलो, पण ते मनातून काही जात नाही.

३ मार्च

चालायला गेलो नाही. बूट कुठे आहेत ते बायकोला माहीत, आणि बायको झोपली होती.

बाबांना जे सांगायचं त्याची तालीम इथे करून बघतो. तर बाबा, हॉस्पिटलमध्ये सिस्टर औषध देण्याआधी कॉम्प्युटरमध्ये पेशंटचं नाव घालते आणि औषधाचं नाव घालते. त्याच्या मागे डेटाबेस असतो, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार. त्या कोठारात काही कामं आधीच लिहून, नाव देऊन ठेवलेली असतात. नाव घेतलं की काम होतं. त्याला प्रोसिजर म्हणतात. त्यातली एक माझी आहे. तिला विचारायचं, हे औषध या माणसाला चालेल का? ती त्या माणसाच्या ॲलर्जी बघते, औषधाचं कुळ बघते, आणि धोके किती ते सांगते. शून्य सांगितलं की सिस्टर औषध देते. एक जरी सांगितला तर पडद्यावर लाल चौकट येते आणि औषध थांबतं. ती लाल चौकट म्हणजे मी, बाबा.

वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य फारच जमलंय. योग्य वेळ बघून बोलायचं.

५ मार्च

हॉस्पिटलवाल्यांनी नवी शाखा काढली आहे. तिथे आपली सिस्टिम बसवायची. साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता म्हणून दिलं असं ते म्हणाले, पण वरिष्ठांची बोलण्याची पद्धत असते.

अडचण मजेदार आहे. जुन्या शाखांमध्ये प्रोसिजर आधीपासून आहे, ती फक्त बदलायची. नव्या शाखेत ती नाहीच, तिथे नव्याने बनवायची. मला दोन्हीकडे एकच स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची एकच यादी, चालवायची आहे. असेल तर बदला, नसेल तर बनवा. माणसाला एका दमात कळतं. डेटाबेसला नाही कळत. त्याचा नियम असा की "बनवा" हा हुकूम सगळ्यात आधी यायला हवा, त्याच्यापुढे "जर" चालत नाही. सासरेबुवांसारखा आहे. मानाने पहिलं बोलवा, नाहीतर येत नाही.

दिवसभर डोकं खाजवून तोड काढली. प्रोसिजर नसेल तर आधी त्या नावाची एक रिकामी प्रोसिजर उभी करायची. ती उभी राहिली की मग सगळीकडे "बदला" चालतं, आणि खरा मजकूर आत भरला जातो. आधी पोतं, मग धान्य. जगात इतर लोकही असं करतात म्हणे, पण मी कोणाचं बघून केलेलं नाही. म्हणजे थोडंसंच बघितलं.

६ मार्च

रिकाम्या प्रोसिजरमध्ये काहीतरी लिहावंच लागतं, अगदी कोरी ठेवता येत नाही. मी लिहिलं: शून्य धोके. म्हणजे पोतं ठेवून धान्य ओतेपर्यंतच्या त्या क्षणात कोणी विचारलंच तर पडद्यावर घाणेरडी एरर येणार नाही. किती पुढचा विचार!

आमच्या टेस्टिंगच्या बाई आहेत, त्यांना सगळे शंकाताई म्हणतात. हे नाव मी ठेवलं असा माझ्यावर आरोप आहे. त्यांनी स्क्रिप्ट वाचून विचारलं, रिकामी प्रोसिजर शून्य का म्हणते? तिने तर ओरडायला हवं, की मी रिकामी आहे, माझ्यावर विसंबू नका. मी म्हटलं, घरी तेच, ऑफिसात तेच, आता प्रोसिजरनेही ओरडायचं का? त्या हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळत नाही हे मी पूर्वीही लिहिलं असतं, पण तेव्हा रोजनिशी नव्हती.

दुसरा संकल्प पाळला. आवाज अजिबात चढवला नाही. नुसता उठून गेलो.

९ मार्च

स्क्रिप्ट मध्येच अडते. फालतू चुकांवर अडते, कुठे जुनं नाव आहे, कुठे काय. मी तिला सांगून ठेवलं, चूक आली तरी थांबू नकोस, पुढे चल. शेवटी एक ओळ घातली, ती पडद्यावर मोठ्या अक्षरात "यशस्वी" असं लिहिते. काम झाल्यावर चार चांगले शब्द कानावर पडलेले कोणाला आवडत नाहीत?

माझ्या मशीनवर चालवली. यशस्वी. पुन्हा चालवली. यशस्वी. जेवून आल्यावर नुसती मजा म्हणून चालवली. यशस्वी.

शंकाताईंनी विचारलं, जिथे प्रोसिजर नाहीच अशा ठिकाणी चालवून पाहिलीत का? मी हो म्हटलं. ते एका अर्थी खरं आहे. माझ्या मशीनवर प्रोसिजर होती, पण ती नाही असं मनात धरूनच मी चालवली होती.

१२ मार्च

नव्या शाखेत स्क्रिप्ट चालवली. सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालचं कपाट. आत पंख्यांची घरघर, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि कोणीतरी वाळत टाकलेलं फडकं. खुर्ची नव्हती. औषधांच्या खोक्यावर बसून काम केलं. पडद्यावर लाल अक्षरं झर्रकन वर सरकली, वाचायला मिळाली नाहीत, आणि शेवटी आलं: यशस्वी.

मी उठून उभा राहिलो. आपसूकच.

घरी आलो तर बाबा पाय पसरून बसले होते. गुडघा फार दुखतोय. ऑपरेशन करायचं ठरतंय.

१४ मार्च

घरात चर्चा. कोपऱ्यावरच्या आमच्या जुन्या डॉक्टरांच्या ओळखीने जवळच्या हॉस्पिटलमध्ये करू, असं बायकोचं म्हणणं. ते डॉक्टर बाबांना वर्षानुवर्षं ओळखतात आणि त्यांना पेनिसिलिनचं माहीत आहे. बाबांना पेनिसिलिन चालत नाही. तरुणपणी एकदा इंजेक्शन दिलं तर चेहरा सुजून डोळे मिटले, श्वास अडकला, जाता जाता वाचले. आई हे अजून सांगते, आणि सांगताना पदराचं टोक घट्ट धरते.

मी म्हटलं, म्हणूनच नवी शाखा. डॉक्टर माणूस आहे, माणूस विसरतो. प्रोसिजर विसरत नाही. कुठलंही नाव बदलून आलेलं पेनिसिलिनचं भावंड असो, ती कुळावरून ओळखते. जिथे माझी चौकट पहारा देते तिथेच माझा बाप झोपेल. "माझा बाप झोपेल" हे जरा जोरात बोललो. बायको म्हणाली, बघ हं, तुझी जबाबदारी. मी म्हटलं, अर्थात.

बाबा म्हणाले, कुठेही न्या, पण जेवण बरं मिळेल असं बघा.

१६ मार्च

साहेबांनी नव्या शाखेचा आलेख मीटिंगमध्ये दाखवला. जुन्या शाखांमध्ये लाल चौकटी रोज येतात, आलेख करवतीसारखा दिसतो. नव्या शाखेत एकही नाही. सरळ रेघ, तळाला चिकटलेली. तिथले डॉक्टर खूश आहेत म्हणे, सिस्टिम कटकट करत नाही. साहेब म्हणाले, याला म्हणतात शांत सॉफ्टवेअर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शंकाताई रेघेकडेच बघत राहिल्या. नंतर जागेवर येऊन म्हणाल्या, इतकी माणसं, इतकी औषधं, आणि कोणालाच काही नाही? मी म्हटलं, चांगलं बघवतच नाही काही जणांना. हे मनात म्हटलं. उघडपणे म्हटलं की तिकडची माणसं निरोगी असतील. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलमध्ये?

त्यांचं एकच मागणं. नव्या शाखेतली प्रोसिजर उघडून आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघा. मी म्हटलं, उद्या बघतो.

१७ मार्च

बघितलं नाही. मानेवर एसीचा झोत येतो, जागा बदलून मिळावी म्हणून अर्ज लिहिला. त्यात दिवस गेला.

१९ मार्च

नव्या शाखेत औषधांचा विभाग बघणाऱ्या मॅडमचा फोन. म्हणाल्या, पूर्वी मी दुसऱ्या शाखेत होते, तिथे तुमची लाल चौकट पाहून पाहून डोळे दुखायचे, इथे येऊन एकदाही दिसली नाही. मी म्हटलं, थँक यू. त्या म्हणाल्या, नाही, मी विचारत होते.

त्यांनी असंही सांगितलं की वॉर्डातल्या एका बाईंच्या अंगावर गांध्या उठल्या. डॉक्टरांना वाटतं कपडे धुवायचा साबण बदललाय त्यामुळे. मी म्हटलं, साबणच असणार. नव्या ठिकाणी साबणाकडे लक्ष कोणाचं असतं?

प्रोसिजर बघायला बसलोच होतो. पासवर्ड चुकला. तीनदा चुकला की खातं बंद होतं, म्हणून जोखीम घेतली नाही.

२० मार्च

शंकाताईंनी आज सगळ्यांसमोर विचारलं, पाहिलं का. मी हो म्हटलं. आता हो म्हटलंय म्हणजे बघायलाच हवं. उद्या सकाळी सगळ्यात आधी हेच काम. चालायला जाण्याच्याही आधी.

रात्री झोप लागेना. उगाचच ती तळाची रेघ डोळ्यांपुढे येत राहिली. पंख्याचा आवाज फार येतोय, तेल घालायला हवं.

२१ मार्च

बाबांना भरती केलं. ऑपरेशन उद्या. या गडबडीत ऑफिसचं काही बघायला कसं जमणार? घरचं आजारपण आधी, बाकी सगळं नंतर.

नवी शाखा स्वच्छ आहे. भिंतींना अजून रंगाचा वास. लिफ्टमध्ये बटणांवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नाही. वॉर्डात बोलतं कोणी नाही, नुसते बुटांचे आवाज. सिस्टरच्या टेबलावर पडदा, पडद्यावर आमची सिस्टिम, हिरवी आणि शांत. मी सिस्टरला म्हटलं, हे मीच केलंय. ती म्हणाली, हो का, आणि एका पेशंटची घंटा वाजली म्हणून गेली. तरुण मुलगी आहे. कामात आहे हे दिसत होतं.

बाबांची माहिती मी स्वतः भरली. ॲलर्जी: पेनिसिलिन. दोनदा तपासलं. आई सिस्टरला तोंडानेही सांगायला निघाली होती, तिला मी थांबवलं. म्हटलं, आई, सगळं आत आहे, त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की त्या चिडतात. आई परत येऊन बसली.

बाबांना माझं भाषण द्यायचं आजच ठरवलं होतं. लाल चौकटीचं वाक्य ओठांवर होतं. पण ते जेवणाच्या ताटात काय काय येणार याची चौकशी करत होते. म्हणाले, भेंडीचं काही असलं तर मला नको. ऑपरेशन झाल्यावर बोलू.

२२ मार्च, दुपारी

ऑपरेशन झालं. हाडांचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, उत्तम. बाबा शुद्धीवर आले, पहिलं काय बोलले तर शिलाई कोणी घातली. आईने डोळे पुसले आणि हसली. मी सगळ्यांना फोन केले. साहेबांनाही केला. ते म्हणाले, बघ, आपलं सॉफ्टवेअर आहे तिथे. मला भरून आलं.

शंकाताईंचा फोन येऊन गेलेला दिसतो. घेतला नाही. घरगुती क्षण होता.

२३ मार्च

हे नीट लिहिणं जमेल का माहीत नाही.

सकाळी मी कँटीनमध्ये होतो. शंकाताईंचा मेसेज आला. साहेबांकडून परवानगी काढून त्यांनी नव्या शाखेतली प्रोसिजर स्वतः उघडली होती. तिचा फोटो पाठवला होता. नाव बरोबर होतं, माझं नाव होतं, तारीख होती, आणि आत एकच ओळ होती. शून्य धोके. खाली त्यांनी लिहिलं होतं: आत काही भरलंच गेलेलं नाही. तुमचे वडील तिथे आहेत ना? सिस्टरला आत्ता जाऊन सांगा.

मी धावत सुटलो असं लिहायचं मनात होतं. पण मी आधी लॅपटॉप उघडला. शंकाताईंना चुकीची शाखा उघडायची सवय असेल असं वाटलं. पासवर्ड पहिल्याच झटक्यात बरोबर आला. तेच दिसलं. एक ओळ. माझ्याच हातची.

मग कारण शोधत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. नव्या शाखेच्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, औषधाच्या कुळाचा रकानाच नव्हता, जुन्या काळचं टेबल बसवलेलं. माझी खरी प्रोसिजर तो रकाना मागते. मिळाला नाही म्हणून भरणी फसली. स्क्रिप्टला मीच सांगितलं होतं, थांबू नकोस. ती थांबली नाही. पुढे गेली आणि तिने "यशस्वी" लिहिलं, कारण तेही मीच तिला सांगितलं होतं. मागे राहिलं रिकामं पोतं, आणि ते त्या दिवसापासून प्रत्येकाला, प्रत्येक औषधाला शून्य म्हणत होतं.

गांध्या उठलेल्या बाई आठवल्या. साबण नव्हता तो.

वर गेलो तोवर बाबांच्या खोलीत माणसं जमली होती. इंजेक्शनचं नाव वेगळं होतं, कुळ तेच. बाबांचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ, पापण्या, मान. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि हात चादरीवर काहीतरी शोधत होता. मी ओरडून सांगितलं की त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणाले, ते आता दिसतंय. मला बाहेर काढलं.

आई बाकावर बसली होती. मला म्हणाली, "अरे, कॉम्प्युटरमध्ये घातलं होतंस ना तू?" मी हो म्हटलं.

२४ मार्च

बाबा आयसीयूत. नळी घातली आहे. जिवाला धोका टळला असं अजून कोणी म्हणत नाही.

सकाळी तिथल्याच कॉरिडॉरमधून नव्या शाखेचं टेबल दुरुस्त केलं, प्रोसिजर भरली. पडद्यावर आलं: यशस्वी. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शंकाताईंना फोन करून तपासायला सांगितलं. त्यांनी तपासून सांगितलं, आता आहे.

नव्या शाखेत आज दुपारपर्यंत लाल चौकटींची रांग लागली.

२५ मार्च

हॉस्पिटलने चौकशी लावली आहे. साहेब म्हणाले, रिपोर्ट तू लिही, तांत्रिक बाजू तुलाच माहीत. आणि जपून लिही.

जपून लिहिला. "घटनेच्या वेळी सिस्टिम सुरू होती आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला विनाविलंब उत्तर दिले. औषध देण्यापूर्वी पेशंटकडे तोंडी विचारपूस करणे ही वापरकर्त्याची जबाबदारी असून ती पार पाडली गेल्याचे दिसत नाही." साहेबांना आवडला. यात खोटा शब्द एकही नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली. उत्तर खरोखरच विनाविलंब दिलं होतं.

मी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. कंपनी बुडाली तर शंकाताईंचीही नोकरी जाईल, हा विचारही त्यात आहे.

शंकाताईंनी रिपोर्टवर सही केली नाही. त्यांनी विचारलं, त्या सिस्टरचं नाव काय? मला माहीत नव्हतं.

२६ मार्च

सिस्टरला घरी बसवलं. निकाल लागेपर्यंत. औषधांच्या मॅडमनी फोनवर सांगितलं. तिच्यावर गुन्हाही दाखल होईल असं म्हणतात. मी म्हटलं, बघू या, चौकशीत काय ते बाहेर येईलच. मॅडम म्हणाल्या, येईल ना? आणि फोन ठेवला.

बाबांची सूज उतरतेय. डोळ्यांची फट दिसू लागली. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसतो, तिकडे त्यांना वळायला त्रास होतो.

बायको माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. डबा दिला. रिपोर्टचं तिला काही सांगितलेलं नाही. तिला तांत्रिक गोष्टींत रस नसतो.

२८ मार्च

नळी काढली. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर नसतं जमलं. ओळखलं कोणी तर त्याच सिस्टरने. इंजेक्शन देऊन ती निघून गेली नव्हती, उशी नीट करत उभी होती म्हणून तिला श्वास बदललेला कळला, आणि तिनेच आरडाओरडा केला. हे डॉक्टर मला सहज बोलता बोलता म्हणाले. माझ्या रिपोर्टमध्ये ही माहिती नाही, कारण लिहिताना ती उपलब्ध नव्हती.

पुरवणी जोडता येईल. साहेबांशी बोलून बघतो. सोमवारी.

२९ मार्च, दुपारी

बाबांना साध्या खोलीत आणलं. आवाज बसलाय, पण बोलतात. आई त्यांच्या पायाशी बसून मोसंबी सोलत होती. आजवर तिने त्या सकाळचा विषय काढला नव्हता. आज काढला. बाबांना टोमणा मारावा तशी हसत बोलली. म्हणाली, यांचंच चुकलं. त्या पोरीने इंजेक्शन भरून घेऊन आधी विचारलं होतं, आजोबा, कशाची ॲलर्जी आहे का?

मी म्हटलं, विचारलं होतं?

"अरे हो, चांगलं जवळ येऊन विचारलं. तर हे कसले सांगतायत. हे म्हणाले, मला काय विचारतेस बाळ, कॉम्प्युटरला विचार. माझ्या मुलाने केलंय ते. मला काही चालत नसेल तर तो सांगेल. ती म्हणाली, कॉम्प्युटर म्हणतोय काही नाही. हे म्हणाले, मग काही नाही. दे. तू म्हणाला होतास ना सगळं आत आहे, म्हणून मीही मध्ये बोलले नाही."

आई म्हणाली, भरती झाल्यापासून वॉर्डभर सांगत होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, झाडूवाल्या बाईला, भेटेल त्याला. त्या पडद्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, आमच्या मुलाचं काम. मला ही आठवण गोड म्हणून सांगत होती ती. मोसंबीची फोड पुढे केली. मी घेतली नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. सूज पूर्ण उतरलेली नाही, एक डोळा अजून बारीक आहे. म्हणाले, "त्याने काही नाही असं का सांगितलं रे?"

लाल चौकटीचं भाषण पाठ होतं. विनाविलंब उत्तराचं वाक्यही पाठ होतं. दोन्हीतलं काहीच बाहेर आलं नाही. मी म्हटलं, बाबा, ते रिकामं होतं. मी आत भरलंय की नाही ते उघडून बघितलं नव्हतं. बघा म्हणून सांगत होते मला, मी बघितलं असं खोटं सांगितलं.

आईचा हात सालीवरच थांबला. बाबा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, ती पोरगी हल्ली का दिसत नाही? ते सांगणं तर त्याहून कठीण गेलं. तरी सांगितलं, रिपोर्टसकट. आईने मोसंबी बशीत ठेवून दिली.

बाबा म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? खाली जा. तिने विचारलं होतं, हे तिथे सांग."

खाली आलो. सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख मेट्रन बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. त्या आत एकट्याच आहेत, काहीतरी वाचतायत. बोलावलं की लगेच जाईन. आपण होऊन घुसणं बरं दिसत नाही.

अजून बोलावलेलं नाही. दार मात्र उघडंच आहे.